मदत हवी आहे: चालू फॉर लूपमध्ये स्टेपर मोटर हळू करून कशी थांबवावी?

अर्डुइनो ऊनो, ए४९८८ ड्रायव्हर, नेमा १७ मोटर. एका फेरीला २०० स्टेप, १/१६ मायक्रोस्टेपिंग (एका स्टेपचे १६ भाग), स्क्रूचा लीड (एका फेरीत सरकणारं अंतर) ८ मिमी, म्हणजे १ मिमीला ४०० पल्स. १०० मिमी जायला ४०,००० पल्सचा फॉर लूप. वेग सेकंदाला सुमारे १६,००० पल्स. दोन्ही टोकांना रॅम्प (वेग हळूहळू चढवणं-उतरवणं) आहे आणि पूर्ण हालचाल अगदी गुळगुळीत होते.

अडतंय ते स्टॉप बटणावर. लूपमध्ये इफ घालून ब्रेक केलं की पल्स एकदम बंद होतात, पण जड कॅरेज तशीच पुढे सरकते. मग मोजणी सांगते एक आणि स्केल दाखवते दुसरंच. बटणाच्या इंटरप्टमध्ये (बटण दाबताच चालू काम थांबवून चालणारा कोड) व्होलाटाइल फ्लॅग (बटण दाबल्याची खूण) लावून, तो दिसताच वेगळ्या व्हाईल लूपमध्ये वेग उतरवून पाहिला. स्टेप चुकायचे थांबले. मात्र तेवढ्या वेळात लिमिट स्विचकडे (कॅरेज टोकाला पोचल्याचं सांगणारा स्विच) कोणीच बघत नाही, आणि तीच तपासणी प्रत्येक लूपमध्ये पुन्हा लिहायची हे मला धोक्याचं वाटतं.

सप्लाय १२ व्होल्ट, करंट मर्यादा मोटरच्या रेटिंगप्रमाणे, बटणाचा डिबाउन्स (दाबताना होणारी थरथर गाळणं) केलेला आहे. कॉलेजचा प्रकल्प असल्याने तयार लायब्ररी चालणार नाही.

आता थांबलेली, वेग घेणारी, स्थिर, वेग उतरवणारी अशा चार अवस्था स्विच-केसमध्ये मांडतोय. ही मांडणी मुख्य लूपमध्ये मायक्रोसच्या (अर्डुइनोचं मायक्रोसेकंद मोजणारं फंक्शन) वेळेवर चालवावी का? ऊनोवर मायक्रोस ४ मायक्रोसेकंदांच्या टप्प्याने पुढे जातं आणि माझं पल्समधलं अंतर जेमतेम ६२.५. की टायमर १ च्या (ऊनोमधला हार्डवेअर टायमर) इंटरप्टमध्ये टाकावी? तसं केलं तर दोन पल्समध्ये १,००० क्लॉक सायकल मिळतात. रॅम्पचा भागाकार तिथेच करावा, की आधीच टेबल बनवून ठेवावं?