कलकल मऊ पडले, आता काय करू?

वसईची_सून: नाताळ तोंडावर आलाय आणि काल तळलेले कलकल (नाताळच्या फराळातले शंखासारखे छोटे गोड तुकडे) आज मऊ! पीठ नारळाच्या दुधात घट्ट भिजवलं, नव्या कंगव्यावर वळलं, रंगही झकास आला. सासूबाई बोलत काही नाहीत, येता-जाता डबा उघडून एखादा दाबून बघतात. तिकडे ओटीवर येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा मांडलाय, त्यात मांजर गव्हाणीतच ताणून देतंय, आणि गोठ्यातल्या हिरवळीसाठी पेरलेली नाचणी धाकटा रोज उपटून मुळं बघतो.

नंदाखालकर: अगं, आच मोठी असणार. वरून रंग येतो, आत ओल राहते. मंद आचेवर थोडे थोडे तळ. पार गार झाल्याशिवाय डब्यात भरू नकोस. मऊ पडलेले ओव्हनमध्ये मंद भाजून घे.

पणजीची_मावशी: मांजराला राहू दे गं. बाळ येशू २४ तारखेच्या रात्री ठेवायचा, तोवर गव्हाण रिकामीच!

वसईची_सून: ओव्हन कुठला, कढईतच कोरडे परतले. कुरकुरीत झाले एकदाचे! सासूबाईंनी दोन खाल्ले नि म्हणाल्या, "आता पाकात घोळव." साखर संपलीय. नवऱ्याला पाठवलं, तर तो नाक्यावर दुसऱ्यांच्या गोठ्याला दिवे लावत बसलाय.