मदत हवी आहे: पोर्तुगीजमधलं 'पोर' कुठे आणि 'पारा' कुठे?

नमस्कार मंडळी, पोर्तुगीज शिकतेय, पोर्तुगालमधली, ब्राझीलची नाही, ए२ (प्राथमिक पातळीच्या) परीक्षेची तयारी चालू आहे आणि 'पोर' (por) नि 'पारा' (para) या दोन शब्दयोगी अव्ययांमध्ये रोज चुकतेय. घोळ आपल्या 'साठी'चा आहे. 'मदतीसाठी धन्यवाद' आणि 'हे तुझ्यासाठी' दोन्हीकडे आपला एकच साठी, पण तिकडे पहिल्याला 'ओब्रिगादा पेला आजुदा' (पोर आणि आ मिळून पेला) आणि दुसऱ्याला 'पारा ती'. मी सरळ 'पारा आजुदा' लिहून मोकळी झाले, वहीत लाल रेघ!

जायचं कुठे, काम कधीपर्यंत, याला पारा. कुठल्या वाटेने जायचं, केवढ्याला घेतलं, याला पोर, इथवर जमतंय. लिस्बनहून सुटलेली गाडी 'पारा उ पोर्तू' (पोर्तू शहराला जाणारी) असते पण 'पासा पोर कोइंब्रा' (कोइंब्रावरून जाते), हे वाक्य छान डोक्यात बसलंय. कारण असेल तर पोर आणि हेतू असेल तर पारा हा नियमही पाठ आहे, फ्लॅशकार्डं करून झालीत. स्पॅनिश मला येत नाही, त्यामुळे त्याच्याशी तुलना नको प्लीज.

अडकते ते दोन्ही चालतात तिथे. 'फीझ इश्तु पोर ती' म्हणजे तुझ्याखातर केलं, 'फीझ इश्तु पारा ती' म्हणजे तुला द्यायला केलं, वाचताना कळतं हो, पण बोलताना तोंडातून पाराच येतं. मग मराठीत 'साठी' काढून 'खातर', 'बद्दल', 'मुळे' किंवा 'ऐवजी' बसलं की पोर, नाहीतर पारा, ही कसोटी लावली तर चालेल का, आणि ती नेमकी कुठल्या वाक्यांत फसते?