पाचट जाळले काय आणि कुजवले काय, ऊर्जेची शेवटी उष्णताच होते ना?

बांधावरून (औसा, जि. लातूर)

ऊसतोड संपत आली की आमच्या भागात संध्याकाळी फड पेटवले जातात. या जाळण्याकडे परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाहाच्या अंगाने पाहावे, यासाठी हा धागा काढत आहे. उसाचे पाचट, म्हणजे तोडणीनंतर शेतात उरलेली वाळकी पाने, हेक्टरी साधारण ८ ते १० टन निघते. वाळलेल्या वनस्पतीत ग्रॅममागे सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा असते असे धरले, तर दहा टन पाचटात ४ कोटी किलोकॅलरी होतात. ही सगळी उन्हाची कमाई आहे, आणि पानांवर पडलेल्या उन्हातला शेकडा एक-दोन इतकाच भाग पिकाला साठवता येतो. शाळेत आपण गवत, नाकतोडा, बेडूक, साप अशी साखळी शिकतो. प्रत्यक्षात जमिनीवरच्या बहुतेक परिसंस्थांत हिरवाईचा थोडाच भाग चरणाऱ्यांच्या तोंडी लागतो आणि उरलेला मेल्यानंतर बुरशी, जिवाणू, वाळवी, गांडुळे यांच्या वाट्याला येतो. पाचट जाळणारा शेतकरी या दुसऱ्या, मोठ्या साखळीचे वर्षाचे अन्न तासाभरात संपवतो, म्हणून पाचट जाळणे बंद व्हावे असे माझे मत आहे.

चिकित्सक (परभणी)

आपला हिशेब बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. परिसंस्थेत अन्नद्रव्यांचे चक्र असते, ऊर्जेचे नसते. ती एका बाजूने येते आणि उष्णता होऊन निघून जाते. पाचट जाळले तर हे तासाभरात घडते आणि कुजवले तर काही महिन्यांत, एवढाच फरक. कार्बनचा बहुतेक भागही दोन्ही वाटांनी हवेतच जातो, आणि पालाश (पोटॅशियम) तर राखेत शिल्लक राहतो. शिवाय साखळीच्या प्रत्येक पायरीवर नव्वद टक्के ऊर्जा गळते असे आपणच शिकवतो. मग जी ऊर्जा जिवाणूंच्या हातूनही गळणारच आहे, तिच्यासाठी एवढा शोक कशासाठी?

सजीव (अंबाजोगाई, जीवशास्त्राची शिक्षिका)

सर, शेवट एकच आहे हे मान्य, पण ऊर्जा वाटेत काय काम करून जाते हा खरा प्रश्न आहे. आगीत ती एकदम सुटते आणि मातीचे काहीही काम न करता आभाळात जाते. कुजताना तीच ऊर्जा असंख्य जीवांतून टप्प्याटप्प्याने उतरते, प्रत्येक जीव तिच्यातला काही भाग श्वसनात खर्चतो आणि काही भाग शरीर बांधण्यासाठी वापरतो. या जिवाणूंच्या चिकट स्रावांनी आणि बुरशीच्या तंतूंनी मातीचे कण एकत्र बांधले जातात, त्यामुळे तिच्यात हवा खेळते आणि पाणी मुरते. आमच्या भागातल्या भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीत या कामाचे मोल किती, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

दहा टक्क्यांचा आकडाही नियम म्हणून वापरू नये. रेमंड लिंडमन यांनी १९४२ साली अमेरिकेतील सीडर बॉग या तळ्याचा ऊर्जाहिशेब मांडला, त्यातही पायरीगणिक प्रमाण बदलते. जिवाणू तर खाल्लेल्यातला बराच मोठा भाग, अनेकदा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास, स्वतःच्या शरीरात बांधतात. राहिला राखेचा मुद्दा. पालाश राहतो हे खरे, पण नत्र (नायट्रोजन) जवळजवळ सगळे धुरातून जाते आणि गंधकाचाही बराच भाग उडतो. चक्रात राहायला हवे तेच आगीत चक्राबाहेर जाते.

रानवाट (जालना)

ताई, आपले म्हणणे वाचायला चांगले वाटते, पण शेतात गोष्ट एवढी सरळ नसते. पाचटात कार्बन फार आणि नत्र अत्यल्प असते. ते खाऊन वाढण्यासाठी जिवाणू जमिनीतले नत्र ओढून घेतात आणि खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेले पुढचे पीक, पिवळा पडतो. शेतीची लाईट रात्रीची, त्यामुळे साप-विंचवाच्या धास्तीत गुडघाभर पाचटातून पाणी द्यायचे कोणी, हाही प्रश्न आहेच. आमच्याकडे कापूस असतो, आणि पऱ्हाटीत (कापसाच्या वाळक्या झाडांत) व अर्धवट फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते. २०१७ साली तिने कापसाचे काय नुकसान केले हे सगळ्यांनी पाहिले आहे. ती अळीही परिसंस्थेची भागीदार म्हणून पोसायची का?

बांधावरून

पऱ्हाटीच्या बाबतीत आपण बरोबर आहात. ती शेतात पडू देऊ नये. मात्र यंत्राने तिची बारीक कुट्टी करून खड्ड्यात कुजवली, तर जाळण्याची गरज उरत नाही. नत्राच्या ओढीवर उपाय ठरलेला आहे. पाचटावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो कुजवणारे जिवाणू टाकण्याची शिफारस आहे, म्हणजे जिवाणूंची नत्राची भूक खोडव्याच्या वाट्याला हात न लावता भागते. सापांच्या भीतीवर माझ्याकडे उत्तर नाही. एकाआड एक सरीत पाचट ठेवून दुसरीतून पाणी देणारे मी पाहिले आहेत, एवढेच सांगतो.

चिकित्सक

शिक्षिकाबाईंचा नत्राचा मुद्दा मी मान्य करतो. तरीही मराठवाड्यात ऊर्जा कमी पडते असे नाही, कारण ऊन हवे तेवढे आहे. ते धरून ठेवायला पाणी नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि आपण तिथल्या उसाच्या पाचटाची चर्चा करत आहोत. शिवाय एप्रिल-मेच्या कोरड्यात कुजणेही जवळपास थांबते, कारण जिवाणूंनाही ओल लागतेच.

सजीव

ओल लागते म्हणूनच पाचटाचे आच्छादन हवे, सर. उघड्या सरीपेक्षा झाकलेल्या सरीतून बाष्पीभवन कमी होते, त्यामुळे कुजणे चालू राहते आणि पाणी देण्याची पाळीही लांबते. ऊस लावावा की नाही यावर मी बहुधा आपल्याच बाजूची आहे, पण तो वेगळा वाद आहे. या धाग्यात खोडवा उभा आहे असे धरले आहे, आणि त्याच्या बुडाशी पडलेल्या दहा टनांचे काय करायचे एवढेच ठरवायचे आहे.