पेगी ॲशक्रॉफ्ट यांचे काम कोणत्या क्रमाने पाहावे? (सल्ला हवा आहे)

नांदी (धागाकर्ती):

डेव्हिड लीन यांच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ (1984) या चित्रपटातील मिसेस मूर पाहिल्यापासून ती भूमिका करणाऱ्या ब्रिटिश अभिनेत्री डेम पेगी ॲशक्रॉफ्ट यांच्याविषयी मिळेल ते वाचत आहे. रात्रीच्या वेळी मशिदीत डॉक्टर अझीझशी होणारी त्यांची पहिली भेट मी पुन्हा पुन्हा पाहिली. त्या प्रसंगात त्या फारसे काही करत नाहीत, तरीही त्या वृद्ध बाईचा सगळा स्वभाव आपल्याला कळून येतो.

त्यांचा जन्म 1907 मध्ये लंडनजवळच्या क्रॉयडन येथे झाला. 1926 मध्ये बर्मिंगहॅमच्या रेपर्टरी थिएटरमध्ये त्यांनी व्यावसायिक रंगभूमीवर पहिले पाऊल टाकले आणि त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ त्या नाटक करत राहिल्या. चित्रपट मात्र मोजकेच. मिसेस मूरच्या भूमिकेसाठी साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले तेव्हा त्यांचे वय 77 होते. इंग्लंडमधील नाट्यसमीक्षक त्यांचे नाव जॉन गिलगुड, लॉरेन्स ऑलिव्हिए आणि राल्फ रिचर्डसन यांच्या बरोबरीने घेतात. ही थोरवी ज्या प्रयोगांमुळे ठरली ते प्रयोग आता पाहता येणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. मग आज घरी बसून पाहणाऱ्याने कुठून सुरुवात करावी आणि कोणत्या क्रमाने पुढे जावे? मी एका हौशी नाट्यगटात काम करते आणि अलीकडे माझ्या वाट्याला वयस्क स्त्रियांच्या भूमिका येऊ लागल्या आहेत, त्यामुळे अभिनयाच्या अंगाने कोणी सविस्तर लिहिले तर फार उपयोग होईल.

तिसरी घंटा:

माझा सल्ला असा, की सुरुवात ‘द ज्युएल इन द क्राउन’ या दूरदर्शन मालिकेपासून करावी. ग्रॅनाडा टेलिव्हिजनची ही चौदा भागांची मालिका 1984 मध्ये ब्रिटनमध्ये दाखवली गेली. पॉल स्कॉट यांच्या चार कादंबऱ्यांवर ती आधारलेली आहे आणि तिचे बरेचसे बाह्यचित्रण उदयपूर, म्हैसूर आणि सिमला येथे झाले आहे. झोहरा सेहगल आणि सईद जाफरी यांनाही तुम्ही तीत पाहाल.

पहिले भाग मुख्यतः डॅफ्नी मॅनर्स आणि हरी कुमार यांचे आहेत, त्यामुळे ॲशक्रॉफ्टबाई कुठे आहेत असे वाटून मालिका सोडू नये. त्यांची बार्बी बॅचलर नंतर येते. बार्बी ही निवृत्त मिशनरी शिक्षिका आहे. तिला बोलण्याची अनावर सवय आहे, आपण इतरांना नकोसे होत आहोत हे तिला कळते आणि तरीही तिला थांबता येत नाही. पानकोटच्या रोझ कॉटेजमध्ये मेबल लेटन या वृद्ध विधवेजवळ तिला आसरा मिळतो. मेबलच्या मृत्यूनंतर घराचा ताबा घेणारी सावत्र सून मिल्ड्रेड तिला बाहेर काढते. आपल्याला रानपूरमध्ये पुरावे ही मेबलची इच्छा फक्त बार्बीला माहीत असते. तेवढ्या एका गोष्टीसाठी ती ज्या तऱ्हेने मिल्ड्रेडपुढे पदर पसरते, तो प्रसंग अभिनय शिकणाऱ्याने वही घेऊन पाहावा असा आहे. ॲशक्रॉफ्ट त्यात करुणा मागत नाहीत. बार्बी हास्यास्पद आहे, कंटाळवाणी आहे, हे त्या शेवटपर्यंत लपवत नाहीत आणि म्हणूनच तिचा अपमान आपल्याला सहन होत नाही.

तुम्ही वयस्क भूमिका करता म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बार्बीचे म्हातारपण त्यांनी कंबरेत किंवा हातांच्या कंपात दाखवलेले नाही, ते बोलण्याच्या लयीत दाखवले आहे. वाक्य सुरू होते तेव्हा तिच्यात उमेद असते, मध्यावर समोरच्याचे लक्ष उडाल्याचे तिला दिसते आणि उरलेले वाक्य ती केवळ सुरू केले म्हणून पुरे करते. शेवटी ही बोलकी बाई मौनात जाते, तेव्हा आधीच्या त्या सगळ्या अखंड बडबडीचे मोल आपल्याला उमगते. भूमिकेची अशी आखणी इतके भाग सांभाळणे हे दीर्घ नाटके पेलणाऱ्या नटीलाच साधते. या भूमिकेसाठी त्यांना बाफ्टा पुरस्कार मिळाला.

दूरदेशी:

तिसरी घंटा यांनी बार्बीविषयी जे लिहिले त्यातील प्रत्येक शब्द मला मान्य आहे, पण क्रमाबाबत माझे मत वेगळे आहे. मी बरीच वर्षे इंग्लंडमध्ये राहत आहे आणि येथील जुन्या नाट्यरसिकांशी बोलताना एकच नाव सर्वांत आधी ऐकू येते, ते म्हणजे ‘द वॉर्स ऑफ द रोझेस’.

पीटर हॉल यांनी 1960 च्या सुमारास रॉयल शेक्सपिअर कंपनी उभी केली, तेव्हा त्यांच्यामागे पहिल्यापासून ठामपणे उभ्या राहिलेल्या मोठ्या कलावंतांत ॲशक्रॉफ्ट होत्या. वेस्ट एंडमधली, म्हणजे लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवरची, मानाची जागा हातात असलेल्या नटीने नव्या, अनुदानावर चालणाऱ्या संस्थेशी स्वतःला बांधून घेणे याला त्या काळी फार अर्थ होता. 1963 मध्ये हॉल आणि जॉन बार्टन यांनी शेक्सपिअरच्या ‘सहावा हेन्री’ची तीन नाटके आणि ‘तिसरा रिचर्ड’ यांची नवी रंगावृत्ती करून तीन नाटकांचा संच बसवला. ॲशक्रॉफ्ट त्यात राणी मार्गारेट झाल्या. पन्नाशी उलटलेली ही नटी पहिल्या नाटकात कोवळ्या फ्रेंच राजकन्येच्या रूपात येते आणि शेवटच्या नाटकात सर्वस्व गमावून शाप देत हिंडणारी म्हातारी होते. बीबीसीने स्ट्रॅटफर्डच्या नाट्यगृहातच कॅमेरे लावून हे प्रयोग चित्रित केले आणि 1965 मध्ये दाखवले. त्यांची डीव्हीडीही निघालेली आहे.

यॉर्कच्या डोक्यावर कागदाचा मुकुट ठेवण्याचा प्रसंग अवश्य पाहावा. त्याच्याच मुलाच्या रक्ताने भिजलेला रुमाल मार्गारेट त्याला डोळे पुसायला देते. डोनाल्ड सिंडेन हे यॉर्क आहेत. ॲशक्रॉफ्ट यांचा आवाज मुळात गोड आणि स्वच्छ आहे. त्याच आवाजातून ती क्रूरता येते तेव्हा अंगावर शहारा येतो. चित्रीकरण कृष्णधवल आहे आणि आजच्या मानाने अभिनय मोठ्या आवाजाचा वाटेल, पण रंगमंचावरच्या ॲशक्रॉफ्ट जशाच्या तशा पाहण्याची याहून जवळची वाट आज उपलब्ध नाही. म्हणून आधी मार्गारेट पाहावी आणि मग बार्बी. एकाच नटीने आवाजाचा पल्ला किती आवरता घेतला आहे, हे त्याशिवाय कळणार नाही.

नांदी:

दोघांचेही मनापासून आभार. आणखी एक विचारते. 1930 ते 1960 हा त्यांचा भराचा काळ, आणि त्यातले पाहण्यासारखे जवळपास काहीच उरलेले नाही. तो काळ समजून घेण्यासाठी काय करावे?

जुनी संहिता:

त्या काळासाठी माझा सल्ला आहे, की नाटके वाचावीत आणि वाचताना त्या भूमिका कोणत्या क्रमाने केल्या गेल्या हे समोर ठेवावे. क्रमच पुष्कळ सांगतो.

1930 मध्ये लंडनच्या सॅव्हॉय थिएटरमध्ये पॉल रोब्सन यांच्या ऑथेल्लोसमोर त्या डेस्डिमोना झाल्या. कृष्णवर्णीय नटाबरोबर गोऱ्या नटीने प्रेमाचे प्रसंग करणे तेव्हाच्या लंडनमध्येही अनेकांना खपत नव्हते, आणि त्या वेळी त्यांना वंशद्वेषाची जी ओळख झाली ती त्या पुढे आयुष्यभर विसरल्या नाहीत. मिसेस मूर आणि बार्बी या दोन्ही भूमिका साम्राज्याच्या माणुसकीशून्य बाजूपुढे अस्वस्थ होणाऱ्या स्त्रियांच्या आहेत. या अस्वस्थतेची मुळे मला त्या डेस्डिमोनात दिसतात. 1935 मध्ये न्यू थिएटरमध्ये गिलगुड आणि ऑलिव्हिए यांनी रोमिओ आणि मर्क्युशिओ आलटून पालटून केले, तेव्हाची ज्युलिएट त्याच होत्या. पुढल्या वर्षी कोमिसार्जेव्हस्की यांनी बसवलेल्या चेखॉव्हच्या ‘द सीगल’मध्ये त्या नीना झाल्या.

पन्नासच्या दशकाकडे मात्र नीट पाहावे. 1952 मध्ये रॅटिगन यांच्या ‘द डीप ब्लू सी’मधील हेस्टर, 1953 मध्ये स्ट्रॅटफर्डला मायकेल रेडग्रेव्ह यांच्यासमोर क्लिओपात्रा, 1954 मध्ये हेड्डा गाब्लर, आणि 1956 मध्ये रॉयल कोर्टमध्ये ब्रेख्तच्या सेत्झुआनच्या भल्या बाईची भूमिका. हे शेवटचे नाटक आपल्या वाचकांना परके नाही, कारण व्यंकटेश माडगूळकरांनी ‘देवाजीने करुणा केली’ या नावाने ते मराठीत आणले आहे. ज्युलिएटच्या जोरावर मिळालेली लोकप्रियता जपत बसण्याऐवजी त्या एकामागून एक कठोर, न आवडणाऱ्या स्त्रिया निवडत गेल्या. डेम हा किताब मिळाला त्याच वर्षी, 1956 मध्ये, त्या ब्रेख्तसारखा लंडनला अनोळखी लेखक करत होत्या, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. पुढे 1976 मध्ये नॅशनल थिएटर साउथ बँकवरच्या नव्या वास्तूत गेले, तेव्हा तेथे आरंभीच झालेल्या बेकेटच्या ‘हॅपी डेज’मध्ये कंबरेपर्यंत आणि मग गळ्यापर्यंत मातीत पुरलेली विनी त्यांनीच केली.

तरुणपणीचे काही प्रत्यक्ष पाहायचेच असेल, तर हिचकॉक यांचा ‘द थर्टी नाइन स्टेप्स’ (1935) पाहावा. स्कॉटलंडमधील एका शेतकऱ्याची तरुण बायको म्हणून त्या थोडाच वेळ दिसतात. शहराविषयी आसुसून विचारणारी आणि नवऱ्याच्या धाकात जगणारी ही मुलगी पुढे पडद्यावर परत येत नाही, पण लक्षातून जात नाही.

तिसरी घंटा:

जुनी संहिता यांचा प्रतिसाद वाचून दोन दूरचित्रवाणी नाटकांची भर घालावीशी वाटली. ‘कॉट ऑन अ ट्रेन’ (बीबीसी, 1980) हे स्टीफन पोलियाकॉफ यांचे लेखन आहे. युरोपातून रात्री धावणाऱ्या गाडीत फ्राउ मेस्नर ही व्हिएन्नाची वृद्धा एका तरुण इंग्रजाला आपल्या हट्टीपणाने जेरीस आणते. मायकेल किचन तो तरुण झाले आहेत. ही बाई बार्बीच्या अगदी उलट आहे: दुसऱ्याला काय वाटते याची तिला पर्वाच नाही. दोन्ही भूमिका एका आठवड्यात पाहाव्यात. याच लेखकाचे, पीटर हॉल दिग्दर्शित ‘शीज बीन अवे’ (1989) हे त्यांच्या अखेरच्या कामांपैकी एक आहे. आयुष्यातली अनेक दशके मनोरुग्णालयात काढून बाहेर आलेली लिलियन त्यात जवळपास बोलतच नाही. व्हेनिसच्या महोत्सवात या कामासाठी त्यांना आणि जेराल्डिन जेम्स यांना अभिनेत्रीचा पुरस्कार विभागून मिळाला. ‘मादाम सुझात्झ्का’ (1988) शबाना आझमींसाठी जरूर पाहावा, परंतु ॲशक्रॉफ्ट यांना त्यात फार वाव नाही.

नांदी:

मी असे ठरवले आहे, की आधी राणी मार्गारेट, मग फ्राउ मेस्नर, त्यानंतर ‘ज्युएल’ सलग, आणि शेवटी लिलियन. ‘द डीप ब्लू सी’ आणि ‘हॅपी डेज’ मधल्या काळात वाचेन. एक शंका उरते: शेक्सपिअरचे इंग्रजी कानावर पडताच समजण्याइतका माझा सराव नाही. त्यासाठी काय करावे?

दूरदेशी:

‘सहावा हेन्री’चे तिन्ही भाग पूर्ण वाचण्याची गरज नाही, कारण हॉल आणि बार्टन यांनी मूळ नाटके बरीच कापली आहेत आणि बार्टन यांनी स्वतःच्या ओळीही घातल्या आहेत. संहिता हातात धरून पाहू लागलात तर पदोपदी अडाल. तिसऱ्या भागातला पहिल्या अंकाचा चौथा प्रवेश, म्हणजे यॉर्कच्या वधाचा, आणि ‘तिसरा रिचर्ड’मधला पहिल्या अंकाचा तिसरा प्रवेश तेवढे आधी मोठ्याने वाचून घ्यावेत. उरलेल्या ठिकाणी कोण कोणाच्या बाजूने लढत आहे एवढी वंशावळ शेजारी ठेवली की पुरे. मार्गारेटचे म्हणणे ॲशक्रॉफ्ट यांच्या उच्चारांतून समजत जाते.