प्रतिसाद : थाळ्या वाजवून टोळ जातात, पण कुठे?

वर कुणी लिहिलंय की डबे-थाळ्या बडवल्या की टोळ निघून जातात, फवारणीची गरजच नाही. आवाजाने ते उठतात, पण उतरतात शेजाऱ्याच्या शेतात. शिवाय दिवसाच उठतात. अंधार पडल्यावर झाडांवर बसले की सहसा हलत नाहीत. म्हणूनच मारायची खरी वेळ रात्री उशिरापासून सूर्योदयापर्यंत. ऊन चढून अंग तापलं की थवा वाऱ्याबरोबर निघतो.

वाळवंटी टोळ साधारण 2 ग्रॅमचा आणि दिवसाला जवळपास स्वतःच्या वजनाइतकंच खातो. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात 4 ते 8 कोटी टोळ असू शकतात, म्हणजे सुमारे 35 हजार माणसांचं एका दिवसाचं अन्न! मे 2020 मध्ये अमरावती, वर्धा, नागपूरकडे धाड आली तेव्हा खरीप पेरला नव्हता. संत्र्याची नवती (नवी कोवळी पालवी) आणि भाजीपाला मात्र तावडीत सापडला.

रंगही बघा. गुलाबी टोळ अपरिपक्व असतात, खादाड आणि लांब उडणारे. पिवळे झाले की ओलसर, रेताड जमिनीत 10-15 सेंमी खोल अंडी घालतात. तिथे नांगरट करून ती उघडी पाडावीत.

आणि फवारणीनंतर मेलेले टोळ कोंबड्यांना अजिबात घालू नका.