कॅलिफोर्निया: जुन्या मासेमारी-देवमासे सहलीच्या बोटीला कार्बचे नियम किती जड जातात?

खाडीकर:
सॅन डिएगोत 65 फुटी, लाकडी बांध्याची बोट विकाऊ आहे. उन्हाळ्यात गिऱ्हाइकांना मासेमारीला न्यायचं, डिसेंबर ते एप्रिल करडे देवमासे दाखवायचे, असा धंदा. इंजिनं दोन, जुनी डेट्रॉइट 8व्ही-71. विकणारा म्हणतो, कार्बच्या (राज्याच्या हवा-प्रदूषण मंडळाच्या) इंजिनांच्या नियमांकडे 2034 पर्यंत बघायलाच नको. खरं आहे का? आणि इंजिन बदलायचं झालं तर नेमकं काय काय अंगावर येतं?

तांडेल_65:
अर्धसत्य आहे. कार्बने 2022 च्या मार्चमध्ये हार्बर क्राफ्टचे (बंदर-किनाऱ्यालगत धंदा करणाऱ्या बोटींचे) नियम कडक केले आणि ते 1 जानेवारी 2023 पासून लागू झाले. मुदती इंजिनाचं मॉडेल वर्ष आणि बोटीचा वर्ग पाहून टप्प्याटप्प्याने येतात. गिऱ्हाइकं नेणाऱ्या मासेमारी बोटींना 2034 अखेरपर्यंत वाढीव मुदत मिळू शकते, पण ती आपोआप नसते, अर्ज करून मंजूर करून घ्यावी लागते. मंजुरीचं पत्र मागा. तोंडी आश्वासनावर इसारही देऊ नका.

देवमासे दाखवणारी बोट 'एक्सकर्शन' (सहलीच्या) वर्गात मोडते आणि तिचं वेळापत्रक निराळं. तुमची बोट दोन्ही कामं करते, म्हणून कार्बकडे दरवर्षी जो अहवाल जातो त्यात कुठला वर्ग लिहिलाय ते आधी पाहा. सगळा हिशोब त्या एका ओळीवर फिरतो.

गॅरेजराव:
इंजिनाबद्दल लिहितो. धुराच्या मानकांना टियर म्हणतात, आकडा मोठा तितकं कडक. 600 किलोवॅटखाली टियर 4 चं इंजिन सहसा मिळत नाही, तेव्हा तुमच्या वाट्याला टियर 3 अधिक काजळी धरणारा फिल्टर (डीपीएफ). जुन्या 8व्ही-71 लाच फिल्टर लावू असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. ही टू-स्ट्रोक इंजिनं थोडं तेल जाळतातच. काजळी जळून जाते, तेलाची राख मात्र फिल्टरमध्येच साठते.

नव्या इंजिनावरही खरी गोची देवमाशांपाशी होते. बोट तासन् तास मंद चालते, एक्झॉस्ट तापत नाही. फिल्टर आपोआप साफ व्हायला साधारण 250 ते 350 अंश सेल्सिअस लागतात. तेवढी उष्णता नसेल तर काजळी साचते, बॅकप्रेशर (एक्झॉस्टचा उलटा दाब) चढतं, टर्बो आणि डिझेल दोन्ही हकनाक जातात. इंधन मारून जबरदस्तीने साफ करायला लावलं की फिल्टरच्या आत 600 अंशांच्या आसपास जातं, आणि शेजारी लाकडी बल्कहेड (आडभिंत)! त्यात फिल्टर समुद्राचं पाणी एक्झॉस्टमध्ये मिसळण्याआधीच्या कोरड्या भागात बसवावा लागतो. या बोटींत तो भाग जेमतेम हातभर. म्हणून टेप घेऊन इंजिनरूम मोजा, मगच भाव करा.

तांडेल_65:
त्यात भर: डेक कापून इंजिन काढावं लागेल. नव्या इंजिनाचे आरपीएम वेगळे, म्हणजे गिअरचं प्रमाण आणि प्रोपेलर दोन्ही नव्याने जुळवायचे. वजन वर-खाली झालं की कोस्ट गार्ड स्थिरतेची चाचणी पुन्हा मागू शकतं. तिथे प्रवासीसंख्या घटली, तर इंजिनाच्या बिलापेक्षा तेच जास्त महागात पडतं.

खाडीकर:
अनुदान मिळतं म्हणतात?

गॅरेजराव:
कार्ल मोयरचं (जुनी धुरकट इंजिनं बदलायला राज्याची अनुदान योजना) मिळतं. पण मुदत अंगावर आल्यावर नाही. कायद्याने जे करायलाच हवं त्याला ते पैसे देत नाहीत. करारावर सही होण्याआधी इंजिनाची ऑर्डर दिलीत तर अनुदान गेलंच. जुनं इंजिन विकताही येत नाही, ब्लॉकला भोक पाडून निकामी करावं लागतं.

डिझेलताई:
इंधनाचं कुणी बोललं नाही. 1 जानेवारी 2023 पासून आर99 किंवा आर100 (99 किंवा 100 टक्के) रिन्यूएबल डिझेलच भरायचं. हे बायोडिझेल नव्हे, दोघांची सरमिसळ करू नका. यात ॲरोमॅटिक्स जवळपास नसतात, त्यामुळे वर्षानुवर्षं साध्या डिझेलमध्ये फुगलेले नायट्राइल रबराचे जुने सील आकसतात आणि फ्युएल पंप, फिल्टर हाउसिंगपाशी गळती सुरू होते. बोट ताब्यात आली की आधी ते व्हायटॉनचे (इंधनात टिकणाऱ्या रबराचे) करून घ्या. गॅलनमागे ऊर्जा 3-4 टक्के कमी, तेव्हा खर्चाचा अंदाज तसा धरा.

आणि शून्यावर न आणता येणारा अवरमीटर (इंजिन किती तास चाललं ते मोजणारा) दोन्ही इंजिनांवर चालू आहे ना, ते पाहा. धक्क्याला 15 मिनिटांपेक्षा जास्त आयडलिंग (उभ्या बोटीचं इंजिन चालू ठेवणं) चालत नाही, हेही डेकहँडला सांगून ठेवा.

पेट्रोल आउटबोर्डवाली सहा प्रवाशांची बोट घेतलीत तर हे डिझेलचे नियम लागत नाहीत. पण त्यात मोठ्या गटांच्या सहली बसत नाहीत.