ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या, लेकरांच्या शाळेचं काय करता? (अनुभव धागा)

सिंदफणा
दसरा झाला. आज पाटोद्याच्या रस्त्यानं भांडीकुंडी, सरपण, शेळ्या आणि वर बसलेली लेकरं घेऊन ट्रॅक्टर चालले होते. एका पोरीच्या मांडीवर दप्तर होतं, ते बघून जुनं सगळं वर आलं. म्हणून हा धागा. शाळेत काम करणाऱ्यांनी नेमकं काय करता आणि कुठं फसतं ते लिहा.

माझ्याकडून एवढंच. निघायच्या आधीचे पंधरा दिवस हातचे जाऊ देऊ नका. टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कुणी घेतली हे गावात सगळ्यांना माहीत असतं. वर्गवार यादी करा आणि प्रत्येक नावापुढं तीन रकाने आखा: मागं कोण राहणार, धाकटं भावंड कोण सांभाळणार, शिक्षण हमी कार्ड (जाईल तिथल्या शाळेत दाखवायचं) दिलं का. मधला रकाना बहुतेक जण भरतच नाहीत आणि पोरगी तिथंच सुटते. नऊ-दहा वर्षांच्या पोरीला फडावर, म्हणजे उसाच्या रानात, नेतात ते धाकट्याला सांभाळायला. त्या धाकट्याची सोय आजीकडं किंवा अंगणवाडीत झाली तर पोरगी राहते.

पूर्णा
कार्डावर निसतं नाव आणि इयत्ता लिहून देऊ नका. "परिच्छेद वाचतो, हातच्याची वजाबाकी अडते" असं एक वाक्य लिहा, म्हणजे तिकडच्या गुरुजींना धागा सापडतो. कार्डाचा फोटो बापाच्या मोबाइलमध्ये टाकून द्या, कोपीत (तिथल्या झोपडीत) कागद भिजतो. दाखला नाही, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९ च्या कायद्यात आहे; पालकाला तोंडपाठ करून पाठवा. टोळी कर्नाटकात जाणार असेल तर मात्र जीव तोडून लेकरू इथंच ठेवून घ्या. तिथं आसपास कन्नड शाळाच असली तर लेकरू सहा महिने नुसतं बसून काढतं.

बिंदुसरा
आईबाप तोडीला गेले की मागं राहिलेल्या लेकरांसाठी जे हंगामी वसतिगृह चालतं, त्यात सगळ्यात मोठी चूक वेळेची होते. रात्रीचं जेवण सहाला उरकलं की लेकरं जेवून आजीकडं पळतात, अभ्यास बुडाला. साडेसहाला बसवा, पाऊण तास वाचन, मग ताट. लाइट जाते, म्हणून चार्जिंगचे दोन दिवे शाळा व्यवस्थापन समितीच्या खर्चात आधीच धरा. आणि किराणा दुकानदाराशी महिन्याभराच्या उधारीचं बोलणं पहिल्या दिवशीच करून घ्या. पैसे उशिरा आले की पहिलं काय आटतं? डाळ आणि तेल.

दुधना
भाकरी थापता थापता वाचतेय. पोषण आहाराचं माणशी प्रमाण कुणी टाकेल का? नवीन मदतनीस बाई अंदाजानंच घेतात.

बिंदुसरा
पहिली ते पाचवी: तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २०, भाजी ५०, तेल ५. म्हणजे ६० लेकरांना ६ किलो तांदूळ, सव्वा किलोला थोडी कमी डाळ, ३ किलो भाजी, ३०० ग्रॅम तेल. सहावी ते आठवी याच्या दीडपट. कागदावर लिहून चुलीच्या वर चिकटवा.

दुधना
देव भलं करो ताई.

मांजरा
सगळे जातानाचं लिहितायत. मला परत येतानाचं लिहायचंय, कारण खरं नुकसान तिथं होतं. पाडव्याच्या आसपास लेकरं येतात आणि त्यांना थेट चौथीच्या पुस्तकाच्या शेवटच्या धड्यावर बसवतात. नका बसवू. पहिल्याच दिवशी एकेकाला बाजूला घेऊन पाच मिनिटं द्या: अक्षरं, सुटे शब्द, चार ओळींचा परिच्छेद, छोटी गोष्ट. जिथं अडलं तो त्याचा गट. मग रोज दीड तास तिसरी-चौथी-पाचवी मोडून फक्त गट. इयत्ता बाकीच्या वेळेला.

अक्षरगटाला अ आ इ ई पासून सुरू करू नका, महिना त्यातच जातो. क, म, ल, र, न आणि काना घ्या. एवढ्यात कान, नाक, काम, माल, लाल, नकल, कमान होतात आणि लेकराला पहिल्याच दिवशी "मला वाचता येतं" वाटतं. मग एकेक मात्रा, वेलांटी. घ-ध आणि भ-म एकाच आठवड्यात शिकवू नका, दोन्ही कायमचे गोंधळतात. 'ख' सुटा पडला की लेकरू 'रव' वाचतं, तेव्हा फळ्यावर जोडून काढा. शब्दगट अडतो तो बहुतेक 'र' च्या रूपांवर: सूर्य, चक्र, ट्रक, दऱ्या. चारही वेगवेगळ्या दिवशी, प्रत्येकाचे दहा-दहा शब्द.

दर शनिवारी एक मिनिट मोठ्यानं वाचून शब्द मोजा. निपुण भारत या केंद्राच्या वाचन-गणित मोहिमेचं तिसरीचं लक्ष्य मिनिटाला किमान ६० शब्द आहे, तेही अर्थ समजून. वीस शब्दांवर असलेल्या लेकराला ६० चा धाक घालू नका, गेल्या शनिवारपेक्षा चार जास्त झाले तर वर्गात सांगा.

तेरणा
मांजरा, बंजारा तांड्यावरच्या लेकरांचं धराच. पहिलीला आलेलं लेकरू घरी आईला याडी म्हणतं, भाकरीला बाटी. त्याला शब्द वाचता येतो, पण अर्थ लागत नाही, आणि आपण त्याला मठ्ठ ठरवतो. हे फार मनाला लागतं. चित्र दाखवून आधी गोरमाटी शब्द त्याच्याकडून घ्या, शेजारी मराठी लिहा. दिवसाला पाच. तांड्यातली दहावी झालेली एखादी पोरगी आठवड्यातून दोनदा आली तर काम निम्मं होतं.

मांजरा
बरोबर. पाचच. दहा केले की टिकत नाहीत.

गोदाकाठ
गणितावर कुणीच बोललं नाही. २५ सांगितलं की ५२ लिहितात, त्यात लेकराचा दोष नाही. 'पंचवीस' मध्ये पाच आधी ऐकू येतो. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण कच्च्या लेकराला महिनाभर तोंडी दोन्ही म्हणून घेतलं तर फायदाच होतो. एकोणतीस, एकोणचाळीस वेगळे घ्या, 'एक उणे' सांगितल्याशिवाय ते उलगडत नाहीत.

तुराट्यांच्या बोटभर काड्या, वर्गाला हजार. दहाचा गठ्ठा, दहा गठ्ठ्यांचा भारा. तीनशे चार म्हटलं की ३००४ लिहिणाऱ्याला तीन भारे आणि चार सुट्या काड्या मांडायला लावा, मधली दशकाची जागा रिकामी दिसते आणि शून्य कशासाठी ते कळतं. हातच्याची वजाबाकी गठ्ठा स्वतःच्या हातानं सोडल्याशिवाय वहीत घेऊच नका.

कयाधू
आमच्याकडं कापसाच्या पळाट्या लई, त्या चालतील का

गोदाकाठ
जाड असतात, दहाचा गठ्ठा मुठीत मावत नाही. तूरच बघा.

मन्याड
आठवीवाल्यांनो, एनएमएमएसचं, म्हणजे आठवीत परीक्षा देऊन मिळणाऱ्या केंद्राच्या शिष्यवृत्तीचं, विसरू नका. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख, म्हणजे तोडणीवाली घरं बसतातच. अडतं ते कागदावर. उत्पन्नाच्या दाखल्याला बाप लागतो आणि बाप फडावर. म्हणून दाखला टोळी निघायच्या आधी. बँकेतलं नाव आणि शाळेतलं नाव अक्षरन् अक्षर जुळवा, एका वेलांटीनं पैसे अडकतात. दर वर्षी नूतनीकरण असतं, नववीतून दहावीत गेल्यावर बहुतेक जण तेच विसरतात.

सिंदफणा
आणि समितीची बैठक? निम्मे सदस्य कारखान्यावर.

पूर्णा
पाऊणशे टक्के सदस्य आईबाप किंवा पालक हवेत, त्यात आजी पालक म्हणून बसते की. निवडीच्या वेळीच मागं राहणाऱ्या दोन-तीन आज्या घ्या, निम्म्या बायका हव्यात तेही जुळतं. बैठक बाजारच्या दिवशी ठेवू नका.

कयाधू
गोदाकाठ, गठ्ठ्याचे रबर उन्हानं तुटतात हो. काय लावता?

गोदाकाठ
सायकलची जुनी ट्यूब. अर्ध्या इंचाचे काप करा, एका ट्यूबमध्ये शंभराच्या वर निघतात. धुऊन घ्या आधी, पावडर असते आत.